बोटीच्या इंजिनाचे हिवाळी संरक्षण
उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या परिसरात हिवाळ्यापूर्वी बोटी पाण्याबाहेर काढताना इंजिन गोठू नये म्हणून करावयाची तजवीज. सरोवराचे पाणी थेट आत खेचून थंड राहणाऱ्या, बोटीच्या पोटातील इंजिनांना धोका सर्वाधिक. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि इंजिनाचा ओतीव लोखंडाचा ठोकळा तडकतो; ही चीर अनेकदा वसंत ऋतूत इंजिन सुरू केल्यावरच लक्षात येते. म्हणून निचऱ्याची बुचे काढून पाणी सोडतात. गंजाने बुजलेले छिद्र तारेने मोकळे करावे लागते; घाईत नेमके हेच राहून जाते. मग गोठणरोधक द्रव भरतात. त्यासाठी विषारी एथिलीन ग्लायकॉलपेक्षा प्रॉपिलीन ग्लायकॉल बरे, कारण वसंतात तो द्रव अखेर बाहेरच पडतो. बोटीच्या मागे बसवलेले बाह्य इंजिन उभे ठेवले की पाणी सहसा आपोआप निथळते.