गवंड्याची उमेदवारी

बारामती तालुक्यात 'उमेदवारी' म्हटलं की लगेच प्रचाराचे भोंगे कानात वाजायला लागतात. कारखान्याची, सोसायटीची, ग्रामपंचायतीची, झेडपीची. कुणाला मिळाली, कुणाची कापली, कुणी माघार घेतली. पण जुन्या मराठीत या शब्दाला आणखी एक साधा अर्थ होता. काम शिकायचं म्हणून कुणाच्या तरी हाताखाली राबायचं, ती उमेदवारी. पैसे थोडे, कधी नाहीतच. पण उद्या आपणही कारागीर होऊ, ही उमेद. सरकारी मराठीनं तो अर्थ अजून जपलाय. १९६१च्या अॅप्रेंटिस कायद्यातल्या माणसाला मराठीत 'शिकाऊ उमेदवार'च म्हणतात.

आमच्या सोमेश्वरनगर भागातली बांधकामं बघताना मला हा जुना अर्थ आठवतो. नीरा-बारामती रस्त्याच्या कडेनं, उसाच्या फडांना लागून बंगले उभे राहतायत. स्लॅबची टोळी परराज्यातली, फर्निचरवाले राजस्थानचे नाहीतर उत्तर प्रदेशचे, पीओपीवाले आणखी कुठले. घरमालकापासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, आपली पोरं या कामात येत नाहीत. निदानही तयार असतं: पोरांना लाज वाटते, कष्ट नकोत, हातातला मोबाइल सुटत नाही.

मला हे निदान पटत नाही. पोरांना नावं ठेवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. पूर्वी हे काम ज्यांना येत होतं, त्यांना ते शिकवलं कोणी? आणि शिकवण्याचा खर्च कोणी केला?

सुतारापासून सुरुवात करू. गावगाड्यात सुतार हा महत्त्वाचा बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात बलुतेदारीचं सविस्तर वर्णन आहे. कुणब्यांचे नांगर, कुळव, पाभर, गाड्या दुरुस्त ठेवायच्या आणि सुगीत खळ्यावरून धान्याचा वाटा न्यायचा, असा तो व्यवहार. सुताराचा पोरगा चालायला लागल्यापासून पटाशी, वाकस, रंधा यांच्यातच वाढायचा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही.

गवंडी मात्र बारा बलुतेदारांच्या नेहमीच्या याद्यांत दिसत नाही. साधी घरं दगडमातीची, वर माळवद. एका गावात गवंड्याला वर्षभर पुरेल इतकं काम कुठून येणार? वाडा, देऊळ, घाट, बारव असं मोठं काम निघालं की पाथरवट, बेलदार, वडार बाहेरून यायचे आणि काम संपलं की पुढच्या गावाला जायचे. वडारांच्या घरात आजही तेलुगूच्या वळणाची बोली ऐकू येते, कारण त्यांचे पूर्वज तेलुगू मुलखातून आले. म्हणजे बांधकामावर बाहेरचा माणूस असणं ही काही काल-परवाची गोष्ट नाही.

या व्यवस्थेत कारागीर तयार व्हायला समाजाला एक पैसाही पडत नव्हता. पण ते शिक्षण फुकट नव्हतं. त्याची किंमत ते पोर भरत होतं. सुताराच्या मुलाला दुसरं काही होता येत नव्हतं आणि दुसऱ्या कुणाच्या मुलाला सुतार होता येत नव्हतं. मुलींचा तर विचारच नव्हता.

मग इंग्रज आले आणि त्यांना प्रचंड बांधकाम करायचं होतं. रस्ते, पूल, रेल्वे, धरणं. १८५४मध्ये पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, त्याचं हे मूळ. सार्वजनिक बांधकामांवर लागणारे कनिष्ठ अधिकारी तयार करणं, हा त्याचा हेतू. मोजमाप घेणारा, हजेरी लिहिणारा, कामावर देखरेख करणारा माणूस सरकारला हवा होता, म्हणून त्याच्यासाठी शाळा निघाली. भिंत रचणाऱ्यासाठी तशी शाळा निघाली नाही. तो पिढीजात तयार मिळतच होता.

आमच्या भागाचं नशीब बदललं ते नीरा डाव्या कालव्यानं. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर, १८८०च्या दशकात या कालव्याला पाणी आलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आली. ती आणणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या त्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून १८८३मध्ये उत्तीर्ण झाले होते. त्यांचं नाव आपल्याला पाठ आहे आणि असायलाच हवं. पण कालव्याच्या मोऱ्या आणि दगडी पूल ज्यांनी बांधले, त्यांच्यातलं एकही नाव आपल्या तोंडी नाही.

देखरेख करणारा आणि राबणारा यांच्यातली ही दरी एका माणसानं फार जवळून पाहिली होती. महात्मा जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. 'पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी'शी त्यांचा संबंध होता. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. इंजिनिअर खात्यातल्या लबाड्यांवर त्यांनी पोवाडाही रचला. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितलं ते असं, की शिक्षणाचा पैसा वरच्या थरावर खर्च होतो आणि खालच्यांच्या प्राथमिक शिक्षणाला काही उरत नाही. ते शाळांबद्दल बोलत होते, पण बांधकामाच्या धंद्यालाही हे तंतोतंत लागू पडतं.

एक अपवाद मुंबईत घडला. १८५७मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ला जॉन लॉकवूड किपलिंग शिकवायला आले. पुढे १८७८ ते १८८८ या काळात मुंबईचं मोठं स्थानक, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उभं राहिलं. त्याच्या कोरीवकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते. १८९१मध्ये तिथे कारागिरांसाठी 'रे आर्ट वर्कशॉप्स' निघाल्या. शाळा आणि चालू इमारत यांची सांगड घातली की काय होतं, हे आजही मान वर करून बघता येतं. पण ती सांगड मुंबईपुरती आणि नक्षीपुरतीच राहिली. साध्या वीटकामापर्यंत ती पोचली नाही.

विसाव्या शतकात आमच्याकडे कारखाने आले. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं. ते उभारणारे वालचंद हिराचंद मुळात रेल्वेच्या कामांचे कंत्राटदार. १९२६ची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीही त्यांचीच. नंतर सहकाराच्या लाटेत आमचा सोमेश्वर कारखाना आला आणि करंज्याच्या सोमेश्वराच्या नावानं नगर वसलं. कारखान्यांनी नवी कौशल्यं आणली. १९५०मध्ये केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आयटीआय निघाल्या. तिथल्या मराठी पाट्या वाचायला मला फार आवडतात. जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर, वीजतंत्री, तारतंत्री, नळ कारागीर. गवंडी आणि सुतारकाम हेही ट्रेड आयटीआयच्या यादीत आहेत. गवंड्याचा कोर्स आठवी पासवर, एक वर्षाचा.

मग पोरं तिकडे का वळत नाहीत? कारण कोर्स संपल्यावर जोडाऱ्याला समोर कारखान्याचं गेट दिसतं. हजेरी, पगारपत्रक, प्रॉव्हिडंट फंड, आणि जमलं तर 'पर्मनंट'. या एका शब्दावर आमच्याकडे लग्नं जुळतात. गवंड्याला समोर काय दिसतं? उद्याचं काम लागेल की नाही, एवढंच. शिकाऊ उमेदवारांचा कायदाही आस्थापनांसाठी आहे. आजच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चौघांपेक्षा कमी माणसं घेऊन फिरणारा मिस्त्री या कायद्याच्या हिशेबात येतच नाही. आणि गावातली बहुतेक घरं तोच बांधतो.

शिकवण्याची एक मोठी संधी १९७२च्या दुष्काळात आली होती. तेव्हा सगळ्या जातींची माणसं एकाच कामावर उतरली, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं. या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना घडली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणारा हा कायदा देशाला दिशा देणारा ठरला. पण त्यात हमी होती ती अकुशल अंगमेहनतीच्या कामाची. पोटाची आग विझवायची होती, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. तरीही लाखो लोक वर्षानुवर्षं बांधकामावर राबले आणि कागदोपत्री अकुशलच राहिले.

भाषेतही हे मुरलेलं आहे. साइटवर पहिल्या पायरीवरच्या माणसाला आपण 'बिगारी' म्हणतो. वेठबिगारीतला, सक्तीनं फुकट राबवण्याचा अर्थ असलेला 'बिगार' तो हाच. ज्या धंद्यात पहिल्याच दिवशी हे नाव चिकटतं आणि दुसरी पायरी कधी, कशी येणार हे कुणी सांगत नाही, त्या धंद्यात पोरगं का येईल? बाईची गत तर त्याहून वाईट. ती कितीही वर्षं साइटवर असली तरी घमेलंच उचलते, थापी तिच्या हातात येत नाही.

गवंड्याला कोणी शिकवायचं, हा प्रश्न नुसत्या मजुरीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपात कोसळली. हजारो माणसं झोपेत गेली. तिथल्या जाड भिंती दोन बाजूंनी दगड रचून, मध्ये माती-गोटे भरून बांधलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड त्यात नव्हते आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. पुनर्वसनाच्या काळात गवंड्यांना भूकंपात टिकणारं बांधकाम शिकवण्यात आलं. 'संवाद सहायक' म्हणून नेमलेल्या गावोगावच्या बायकांनी हे तंत्र समजून घेतलं आणि आपल्या गावातल्या कामांवर लक्ष ठेवलं. शिकवायचं ठरवलं तर शिकवता येतं, हे तेव्हा दिसलं. पण त्यासाठी आधी गावंच्या गावं पडावी लागली.

आता पुन्हा आजच्या गाऱ्हाण्याकडे येतो. गवंड्याचा मुलगा बँकेत लागला, वडाराची मुलगी नर्स झाली, तर तो तोटा नाही. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला हेच हवं होतं. जातीनं फुकट पुरवलेला कारागीर संपत आलाय, आणि त्याच्या जागी पैसे खर्चून, आवडीनं शिकणारा कारागीर आपण अजून तयार केलेला नाही. माणसं मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण तिचं कारण पोरांच्या आळसात नाही. दीडशे वर्षं आपण शिकवण्याचं बिल भरलं नाही, ते आता समोर आलंय.

शिकवण्याचा सगळ्यात मोठा खर्च कोणता? चुकीचा. शिकाऊ माणूस हळू काम करतो, माल वाया घालवतो, ओळंब्यात नसलेली भिंत पाडून पुन्हा बांधावी लागते. बापाच्या हाताखाली असताना हा तोटा घर सोसायचं. आयटीआयत सरावाची भिंत पाडून टाकतात. साइटवर मात्र तो तोटा सोसायला कुणीच तयार नसतं. घरमालकाला वेळ नाही, कंत्राटदाराला परवडत नाही, मिस्त्री अंगावर काम घेतलेला. मग शिकलेला माणूसच आणायचा, मग तो कुठूनही येवो.

दुसरीकडे यावर तोडगे निघालेत. जर्मनीत बांधकाम कंपन्या एका सामाईक निधीत पैसे भरतात आणि शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणाचा खर्च त्यातून भागतो. २०२४मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. ज्या देशानं शिकवण्यावर इतका खर्च केला, त्यालाही आता माणसं कमी पडतायत. मग आपल्याकडे ती आपोआप कशी तयार होतील?

आपल्याकडेही सामाईक पैशाची कल्पना नवी नाही. १९९६च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला आणि त्यातून बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ चालतं. गावात या मंडळाची ओळख काय? भांड्यांचा संच. संच मिळावा, मुलांना शिष्यवृत्तीही मिळावी. पण याच पैशातून शिकाऊ मुलाच्या मजुरीचा फरक आणि त्याच्या चुकलेल्या भिंतीचा खर्च का भागू नये? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंडी प्रशिक्षणाची पद्धत हीच आहे. ४५ दिवसांत शिकणाऱ्यांनी एक खरं घरकुल बांधायचं. पुण्यात क्रेडाईचा 'कुशल' उपक्रमही चालू साइटवरच कामगारांना शिकवतो. दोन्हींचं सूत्र एकच आहे, खरी भिंत, शेजारी शिकवणारा आणि हातात मजुरी.

सोमेश्वरनगरात आज इंजिनिअरिंगचं शिक्षण मिळतं. १८५४मध्ये पुण्यात उघडलेली देखरेख करणाऱ्याची शाळा आमच्या गावापर्यंत पोचायला शंभराहून जास्त वर्षं लागली, पण ती पोचली. भिंत बांधणाऱ्याची शाळा काढायला वेगळी इमारतही लागणार नाही. घरकुलं होतायत, शाळाखोल्या होतायत, कारखान्याची गोदामं होतायत. यातल्या प्रत्येक कामावर दोन-चार जागा शिकणाऱ्यांसाठी ठेवायच्या, त्यात निम्म्या मुलींच्या. किती दिवसांनी कोणती पायरी आणि त्या पायरीला मजुरी किती, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यायचं. आणि चुकलेली पहिली भिंत कुणाच्या खर्चानं पाडायची, तेही त्याच कागदावर लिहायचं.