उड्डाणात बॅटरी पेटली, प्रवासी कोसळला, तर केबिन कर्मचारी काय करतात

विमानतळावर सामान जमा करताना 'बॅगेत पॉवर बँक आहे का?' हा प्रश्न आता हमखास विचारला जातो. असल्यास ती काढून हातातील सामानात ठेवावी लागते. धोक्याची वस्तू विमानाच्या पोटात न ठेवता प्रवाशांच्या शेजारी आणण्याचा हा नियम अनेकांना उलटा वाटतो. त्यामागील कारण सरळ आहे. केबिनमध्ये धूर दिसला तर तेथे माणसाचा हात पोहोचतो. खालच्या सामानकक्षात उड्डाणादरम्यान पोहोचत नाही.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानाला आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. विमान कोसळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजेच आयकाओने, १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवण्यास मनाई केली.

प्रवाशाला १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी परवानगीविना जवळ बाळगता येते. बाजारात मिळणारी २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते. १०० ते १६० वॉट-तासांच्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने, तेही दोनच, नेता येतात. त्याहून मोठ्या बॅटरीला प्रवाशांच्या सामानात स्थान नाही.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिमहे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वीच पेटले. आतील सर्व १७६ जण बाहेर पडू शकले. पॉवर बँकेतील बिघाड हे संभाव्य कारण असल्याचे तपास यंत्रणेने नंतर म्हटले. त्यानंतर दक्षिण कोरियाने १ मार्चपासून पॉवर बँक डोक्यावरील कप्प्यात ठेवण्यास बंदी घातली. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासून, तर एमिरेट्सने ऑक्टोबरपासून उड्डाणात तिचा वापर रोखला. कप्प्यातील बॅटरी तापू लागली तरी झाकण बंद असल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही, आणि असे वाया गेलेले क्षण भरून काढणे अवघड असते.

आग लागल्यास कर्मचाऱ्यांची कामे आधीच वाटून दिलेली असतात. पहिला कर्मचारी आग विझवतो, दुसरा वैमानिकांना कळवतो, तिसरा श्वसनरक्षक टोप, जादा अग्निशामक आणि पाणी आणतो. शेजारच्या प्रवाशांना दूर हलवले जाते आणि जवळचे ऑक्सिजन सिलिंडर बाजूला नेले जातात. हॅलॉन वायूचा अग्निशामक ज्वाळा विझवतो, परंतु बॅटरी थंड करत नाही. एका घटातील उष्णता पुढच्या घटाला पेटवते आणि विझलेली वाटणारी आग पुन्हा भडकते. म्हणून ज्वाळा शमताच पाणी किंवा अन्य न पेटणारे पेय ओतून बॅटरी गार केली जाते. बर्फ लावायचा नाही, कारण तो उष्णता आतच कोंडतो. धगधगते उपकरण उचलायचेही नाही. ते थंड झाल्यावर पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवले जाते आणि उतरेपर्यंत त्यावर नजर ठेवली जाते.

फोन आसनाच्या फटीत पडला तर आसन मागेपुढे करू नये, असे प्रवाशांना आवर्जून सांगितले जाते. आसनाच्या यंत्रणेत चिरडलेला फोन पेट घेऊ शकतो.

स्वच्छतागृहाची वारंवार पाहणी हाही कर्मचाऱ्यांच्या कामाचा भाग असतो. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या विमानात मागील स्वच्छतागृहाच्या भागात आग लागली. सिनसिनाटी येथे विमान सुखरूप उतरले, पण दारे उघडल्यानंतर जेमतेम दीड मिनिटात आतील भाग एकदम पेटला; ४६ पैकी २३ जण दगावले. स्वच्छतागृहात धूरशोधक बसवण्याची सक्ती त्यानंतरची. धूम्रपानाला पूर्ण बंदी असतानाही तेथे राखदाणी असते, ती नियम मोडणाऱ्याने थोटूक कागदाच्या कचऱ्यात टाकू नये म्हणून.

धोकादायक वस्तूंचे आंतरराष्ट्रीय वर्ग नऊ आहेत. भारतात त्यांच्या वाहतुकीसाठी २००३ मध्ये नियम करण्यात आले. या यादीत घरगुती वाटणाऱ्या वस्तूही आहेत. कापूर ज्वालाग्राही आहे. सुके खोबरे तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते. देवाच्या पूजेचे साहित्य तपासणीत बाजूला काढले जाते, त्यामागे सुरक्षा कर्मचाऱ्यांचा आडमुठेपणा नसतो.

आजारपणाच्या प्रसंगी साधने मोजकीच असतात. केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे ६,००० ते ८,००० फुटांवर असावा तसा राहतो. हृदय किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांना तो जाचू शकतो. अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच विमान कंपन्यांच्या ११,९२० घटना तपासण्यात आल्या. सरासरी ६०४ उड्डाणांमागे एक असे हे प्रमाण होते. सर्वाधिक, सुमारे ३७ टक्के, प्रकरणे भोवळ येण्याची होती. सुमारे ४८ टक्के घटनांत प्रवासी डॉक्टर मदतीला आले, तर मार्ग बदलून विमान अन्यत्र उतरवावे लागले ते ७ टक्क्यांच्या आसपास.

भोवळ आलेल्याला आडवे करून पाय उंचावर ठेवले जातात. श्वास थांबला असेल तर रुग्णाला आसनावरून थेट मार्गिकेत किंवा स्वयंपाकाच्या जागेत जमिनीवर घेतात, कारण मऊ आसनावर छातीला पुरेसा दाब देता येत नाही. मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब आणि उपलब्ध असल्यास हृदयाला विद्युतधक्का देणारे स्वयंचलित यंत्र, हा क्रम आहे. डोक्यावरून खाली येणारे मुखवटे यासाठी वापरत नाहीत. ते केबिनचा दाब घटल्यास काही मिनिटांपुरते असतात. रुग्णासाठी वेगळे सिलिंडर असतात.

डॉक्टर उपलब्ध नसल्यास अनेक कंपन्यांचे वैमानिक जमिनीवरील वैद्यकीय केंद्राशी बोलतात. विमान वळवायचे की नाही, याचा अंतिम निर्णय प्रमुख वैमानिकाचा असतो. डॉक्टरचा सल्ला त्यातील एक बाजू. इंधन, हवामान, धावपट्टीची लांबी आणि जवळच्या शहरातील रुग्णालय हेही त्याला पाहावे लागते. दरम्यान नाडी, श्वास, दिलेले औषध आणि वेळ यांची नोंद कर्मचारी ठेवतात. विमान उतरताच ती रुग्णासोबत वैद्यकीय पथकाकडे जाते.