शीव दाखवणारा आणि निवाडा करणारा

बारा मावळातल्या जुन्या गावगाड्यात दोन गावांचा शिवेवरून तंटा लागला की महाराला बोलावणं यायचं. शीव त्याला ठाऊक. कुठला धोंडा, कुठला ओढा, कुठलं झाड, हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या डोक्यात. त्यानं ती चालून दाखवायची आणि दोन्ही गावांनी मानायची. आपले इतिहासकार हे मोठ्या कौतुकानं सांगतात. बघा, महाराच्या शब्दाला केवढा मान होता! पण निवाड्याला गोतसभा बसली की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी वर आणि शीव चालून दाखवणारा बाजूला, हात जोडून. साक्ष आपली, निवाडा त्यांचा.

मित्रांनो, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात कोण बसणार हा वाद जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा तेव्हा खरा वाद याच शिवेचा होता. नावं वेगळी दिली गेली. कधी ज्येष्ठता, कधी गुणवत्ता, कधी न्यायसंस्थेचं स्वातंत्र्य. भूषण गवई २०२५ साली सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तही झाले. तरी आपल्या अभ्यासवर्गांत एक प्रश्न अजून येतो : "आपला माणूस तिथं बसला, मग त्याच्या निकालावर बोट ठेवायचं का?" याचं उत्तर भावनेनं देऊन भागायचं नाही. इतिहास काढावा लागेल.

१

सुरुवात बाबासाहेबांपासून. २४ मे १९४९ ला घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीचं कलम चर्चेला आलं. कुणी म्हणालं, सरन्यायाधीशाच्या संमतीशिवाय नेमणूक नको. कुणी म्हणालं, वरच्या सभागृहाचा सल्ला घ्या. अमेरिकेत सिनेटची मंजुरी लागते, तो दाखला होताच. बाबासाहेबांनी दोन्ही टोकं नाकारली. एकट्या सरकारच्या हातात देणं धोक्याचं, विधिमंडळाकडे नेलं तर राजकीय दडपण येणार. आणि सरन्यायाधीश? तो कितीही थोर असला तरी शेवटी माणूस आहे, माणसाचे दोष, भावना आणि पूर्वग्रह त्यालाही असणार, त्याच्या हातात नकाराधिकार देता येणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. म्हणून घटनेत शब्द आला तो सल्लामसलतीचा.

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. न्यायमूर्ती म्हणजे देव नाही, हे या देशाला पहिल्यांदा घटना लिहिणाऱ्यानंच सांगितलं. कारण त्याला पाण्याचा खटला ठाऊक होता. मावळातून घाट उतरलं की खाली कोकण, तिथलं महाड. चवदार तळ्याचा दावा १९२७ च्या डिसेंबरात सनातन्यांनी लावला, तो मुंबई हायकोर्टात संपला १७ मार्च १९३७ ला. पाणी एकदा प्यायलो, त्याचा निकाल लागायला नऊ वर्षं वर गेली. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता : ही रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे सिद्ध करा. सनातन्यांना ते करता आलं नाही. अस्पृश्यांनीच ‘आम्हाला हक्क कुठून मिळाला’ याचा पुरावा आणावा असं कोर्टानं म्हटलं असतं, तर निकाल उलटा लागला असता. कायदा तोच, तळं तेच. न्यायाधीश कुणाला प्रश्न विचारतो आणि कोणता विचारतो, यावर पाणी अडतं किंवा वाहतं.

२

स्वातंत्र्यानंतर पहिला मोठा धुरळा उडाला तो १९७३ साली. २४ एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. दुसऱ्याच दिवशी इंदिरा गांधींच्या सरकारनं शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनी राजीनामे दिले. मंत्री कुमारमंगलम यांनी लोकसभेत सांगितलं की न्यायाधीशाचा सामाजिक दृष्टिकोन बघणं हे सरकारचं कामच आहे. शब्द ऐकायला बरे होते. पण तो दृष्टिकोन म्हणजे सरकारला साथ, हे आणीबाणीत कळलं. २८ एप्रिल १९७६ ला जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल लागला : आणीबाणीत डांबलेल्या माणसाला कोर्टाकडे दाद मागता येणार नाही. एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनाही डावललं गेलं, त्यांनीही राजीनामा दिला.

आता आपल्या पुणे जिल्ह्याकडे या. त्या चौघांत एक होते यशवंत विष्णु चंद्रचूड. पुण्यात जन्मलेले, मूळ घराणं खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. १९७८ च्या सुरुवातीला सरन्यायाधीशपदासाठी त्यांची पाळी आली आणि मुंबईतल्या नामवंत वकिलांनी नि निवृत्त न्यायमूर्तींनी निवेदन काढलं : आणीबाणीत ज्यांनी माणसाच्या स्वातंत्र्याची राखण केली नाही त्यांना या पदावर बसवू नका. वर्तमानपत्रं भरून गेली. जनता सरकारचे कायदामंत्री शांतिभूषण यांनी सल्लामसलत केली आणि ज्येष्ठतेचा नियमच धरला. २२ फेब्रुवारी १९७८ ला चंद्रचूड सरन्यायाधीश झाले आणि जुलै १९८५ पर्यंत राहिले. इतका काळ या पदावर दुसरं कोणी राहिलेलं नाही.

या वादात दोन्ही बाजूंनी सगळं बोललं गेलं, एक सोडून. त्या न्यायालयात तोवर एकही दलित न्यायाधीश बसलेला नव्हता. १९५० पासून १९८० पर्यंत, तीस वर्षं, एकही नाही. १० डिसेंबर १९८० ला तामिळनाडूचे ए. वरदराजन आले, ते पहिले. १९७८ च्या वादात या रिकाम्या जागेबद्दल निवेदन निघालं नाही. आणीबाणी पांढरपेशांना एकवीस महिने भोगावी लागली. वस्तीवरच्या पोराला कागदाविना ठाण्यात बसवणं हे आणीबाणीच्या आधीही होतं, नंतरही राहिलं.

मराठी सरन्यायाधीशांची नावं एका ओळीत लिहून बघा. गजेंद्रगडकर, १९६४. चंद्रचूड, १९७८. बोबडे, २०१९. लळीत, २०२२. पुन्हा चंद्रचूड, २०२२. मग गवई, २०२५. कुणाच्या विद्वत्तेवर शंका नाही. पण राखीव जागांना पन्नास टक्क्यांची वेस घालणारा बालाजी खटल्याचा निकाल १९६२ साली गजेंद्रगडकरांच्याच लेखणीतून आला, हेही याच ओळीत लिहून ठेवा.

३

१९९३ साली सर्वोच्च न्यायालयानंच निकाल देऊन नेमणुकीतला शेवटचा शब्द न्यायमूर्तींच्या हाती घेतला. त्यातून कॉलेजियम आलं. बाबासाहेबांनी जे नाकारलं होतं ते मागच्या दारानं आत आलं, फक्त एका माणसाऐवजी ज्येष्ठांचा गट झाला. सरकारनं आणलेला आयोग १६ ऑक्टोबर २०१५ ला रद्द झाला. सरकारच्या हातात गेलं असतं तर चांगलं झालं असतं, असं १९७३ आणि १९७७ पाहिलेला माणूस म्हणणार नाही. पण बंद खोलीत जातीचे डोळे झाकलेले असतात असं मानण्याचंही कारण नाही.

हे पहिल्यांदा मोठ्या पदावरून बोलले के. आर. नारायणन. राष्ट्रपती असताना १९९८ च्या अखेरीस न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या फाइलीवर त्यांनी शेरा लिहिला : लोकसंख्येत चौथा हिस्सा असलेल्या अनुसूचित जाती-जमातींचा आणि स्त्रियांचा यथायोग्य विचार व्हावा. राखीव जागा द्या असंही म्हटलं नव्हतं, विचार करा एवढंच. जानेवारी १९९९ मध्ये ते बाहेर आलं आणि गहजब झाला. न्यायालयाकडून उत्तर आलं : आम्ही गुणवत्ता पाहतो. म्हणजे दलिताचं नाव नुसतं निघालं की गुणवत्ता आठवते. पुढे जून २००० मध्ये के. जी. बालकृष्णन सर्वोच्च न्यायालयात आले, २००७ साली पहिले दलित सरन्यायाधीश झाले, मे २०१० मध्ये निवृत्त झाले.

त्यानंतर नऊ वर्षं तिथं पुन्हा एकही दलित न्यायाधीश नव्हता. ही नऊ वर्षं विसरू नका, कारण त्यांच्यातच २० मार्च २०१८ येतो. आपल्या जिल्ह्यात भीमा-कोरेगावची दगडफेक होऊन तीन महिने होत नाहीत तोच, महाराष्ट्रातूनच गेलेल्या महाजन खटल्यात दोघा न्यायमूर्तींनी ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. गुन्हा नोंदवायच्या आधी चौकशी, अटकेच्या आधी परवानगी. प्रश्न कोणता विचारला गेला? खोट्या केसेस किती? साक्षीदार का फुटतात, पंचनामा का बिघडतो, फिर्यादीला गावात राहू देतात का, हे विचारलं गेलं नाही. २ एप्रिलला देशभर बंद झाला, माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला. १ ऑक्टोबर २०१९ ला फेरविचारात न्यायालयानंच ते निर्देश मागे घेतले. निकाल न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांनी लिहिला. तिघांच्या त्या खंडपीठात भूषण गवई होते. या वेळी प्रश्न फिरला होता : गुन्हे शाबित होत नाहीत ते तपासाच्या ढिलाईनं, आणि दलित म्हणजे खोटं बोलणारा असं गृहीत धरणं हाच समतेचा भंग.

हे एकट्या गवईंमुळे झालं असं मी म्हणत नाही. रस्त्यावर रक्त सांडलं नसतं तर फेरविचाराला इतका जोर आला नसता. पण रस्ता आणि न्यायासन दोन्ही लागतात, हे त्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं.

४

गवई तिथं कसे आले? ८ मे २०१९ च्या शिफारशीत कॉलेजियमनं उघड लिहिलं की मुंबई हायकोर्टातले तिघे ज्येष्ठ त्यांच्यापेक्षा कमी आहेत असा अर्थ काढू नये, आणि या नेमणुकीनं सुमारे दशकानंतर अनुसूचित जातीचा न्यायाधीश येत आहे. गवईंनी पुढे स्वतः सांगितलं की प्रतिनिधित्वाचा विचार झाला नसता तर आपण दोनेक वर्षं उशिरा आलो असतो. १९७३ ला ज्येष्ठता मोडली ती सत्तेच्या सोयीसाठी, चोरून. २०१९ ला मोडली ती प्रतिनिधित्वासाठी, कारण लिहून. या दोन्हींना एकाच तागडीत घालणारा माणूस इतिहास वाचत नाही.

आता तो प्रश्न. आपला माणूस, मग टीका करायची का?

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडे बघा. १९६७ साली थर्गुड मार्शल यांचं नाव आलं, दक्षिणेतल्या गोऱ्या सिनेटरांनी त्यांची उलटतपासणी केली, शेवटी ६९ विरुद्ध ११ मतांनी ते पहिले काळे न्यायमूर्ती झाले. १९९१ साली त्यांच्याच जागी क्लॅरेन्स थॉमस आले, ५२ विरुद्ध ४८. रंग तोच. पण काळ्यांची जुनी संघटना एनएएसीपी त्यांच्या विरोधात उभी राहिली, कारण थॉमस यांची मतं तिनं वाचली होती. २०२३ साली विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार बंद करणाऱ्या निकालात थॉमस बहुमतात होते. मी गवईंना थॉमस म्हणत नाही, तसं म्हणणं अन्याय होईल. सांगायचं एवढंच की कातडी किंवा जात वाचून निकाल कळत नाही, निकाल वाचावाच लागतो.

१ ऑगस्ट २०२४ चा निकाल घ्या. सात जणांत सहा जणांनी अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण मान्य केलं. त्यात एकटे दलित गवई. त्यांनी पुढं जाऊन लिहिलं की अनुसूचित जाती-जमातींतही क्रीमी लेअर शोधून बाजूला काढावा, बड्या अधिकाऱ्याचा मुलगा आणि खेड्यातल्या मजुराचा मुलगा एका रांगेत कसे? २१ ऑगस्टला भारत बंद झाला. बंदमध्ये आपण होतो, आणि मातंग समाजातल्या ज्या संघटना वर्षानुवर्षं वर्गीकरण मागतात त्या नव्हत्या. हे झाकून उपयोग नाही. ‘आपला’ म्हणताना मातंग, ढोर, मेहतर त्यात येतात की नाही, हे आधी आपल्याच अभ्यासवर्गात बोलायला हवं. क्रीमी लेअरबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. राखीव जागा दारिद्र्याचं औषध म्हणून आल्या नाहीत, अस्पृश्यतेवरचा उतारा म्हणून आल्या. अस्पृश्यता पगाराची स्लिप बघत नाही.

पुरावा दूर नाही. १४ मे २०२५ ला गवई सरन्यायाधीश झाले, या पदावरचे पहिले बौद्ध. १८ मे ला मुंबईत सत्काराला आले तर मुख्य सचिव, पोलीस महासंचालक, पोलीस आयुक्त तिघेही गैरहजर. जाहीर बोलल्यावर चैत्यभूमीवर धावत आले. ६ ऑक्टोबरला भर न्यायालयात एका वकिलानं त्यांच्या दिशेनं बूट फेकायचा प्रयत्न केला, सनातनाचं नाव घेत. देशातल्या न्यायाच्या सर्वांत वरच्या खुर्चीवरचा माणूस, आणि तरीही. याहून मोठा क्रीमी लेअर कुठला?

म्हणून दोन गोष्टी एका दमात सांगायच्या. बूट उगारणाऱ्याच्या विरोधात आपण गवईंच्या पुढे उभे राहू. आणि त्यांच्या क्रीमी लेअरच्या मताला कागदावर, मुद्द्यानं उत्तर देऊ. यात विसंगती नाही. बाबासाहेबांनी न्यायमूर्तीला माणूस म्हटलं, ते आपल्या माणसालाही लागू आहे.

५

२३ नोव्हेंबर २०२५ ला गवई निवृत्त झाले. त्यांच्या कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची बिंदुनामावली आली. पंच्याहत्तर वर्षांनी, तेही न्यायाच्या घरात! आणि हायकोर्टांचं बघा. २०१८ ते २०२२ या काळात नेमलेल्या ५३७ न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे २.८ टक्के, जमातींचे १.३ टक्के. पुढचं नाव यायचं ते यातूनच. विहीरच कोरडी, तर पोहरा काय आणणार?

तळेगावात बाबासाहेबांचा बंगला आहे. मावळच्या वेशीवर देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ ला त्यांनी बुद्धमूर्ती बसवली. दर वर्षी आपण तिथं जातो, घोषणा देतो, परत येतो. जाऊच. पण लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव इथल्या प्रत्येक शाखेनं एक पोरगा आणि एक पोरगी कायद्याच्या शिक्षणाला लावून धरावी. नुसती पदवी नको, तालुक्याच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत उभी राहतील अशी. महिन्यातून एकदा एक निकाल मराठीत वाचावा, ज्यानं दिला त्याचं आडनाव आधी न सांगता. मग विचारावं : यानं प्रश्न कुणाला विचारला?

शीव आपल्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. ती चालून दाखवायचं काम खूप झालं.

जय भीम.