खरं कोणाचं, 28 की 31?

भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले इथले जुने तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. मे महिन्यात वरचं पाणी तापलं की मासे खोल, गार पाण्यात उतरतात. घरातल्या दोन फुटी काचेच्या टाकीत उतरायला खोलीच नसते. तिथे थर्मामीटर लागतो. पण दुकानातून दोन आणले आणि एकाने 28 दाखवलं, दुसऱ्याने 31, तर खरं कोणाचं मानायचं?

प्रश्न तीनशे वर्षं जुना आहे. सुरुवातीचे तापमापक एकमेकांशी जुळतच नसत. 1714 मध्ये फॅरनहाइटने सारखा आकडा दाखवणारे दोन बनवले, तेव्हा जाणकार चकित झाले. पण दोघं मिळून सारखंच चुकूही शकतात. 1742 मध्ये स्वीडनच्या सेल्सिअसने दाखवलं की पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाबरोबर सरकतो, वितळणाऱ्या बर्फाचं तापमान मात्र जवळपास हलत नाही. (त्याच्या मूळ पट्टीवर बर्फ 100 वर होता, ती नंतर उलटवली गेली.)

ती कसोटी आजही स्वयंपाकघरात होते. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा, थोडं पाणी घाला, ढवळा आणि थर्मामीटर काही मिनिटं बुडवून ठेवा. 0 ऐवजी 3 दाखवलं, तर टाकीतला 31 बहुधा 28 च आहे. काचेला बाहेरून चिकटवायच्या पट्टीवर मात्र खोलीच्या हवेचाही परिणाम होतो.

हा फरक क्षुल्लक नाही. पाणी तापतं तसा त्यातला प्राणवायू घटतो. मासा वर येऊन तोंड उघडू लागेपर्यंत वाट पाहिली, तर उशीर झालेला असतो.