अवजड यंत्रांची वाहतूक : भाडे ठरविण्याआधी बिल्टी पाहा

प्रतिनिधी, अमरावती : राजापेठेतून बडनेऱ्याकडे जाताना लागणारी सातुर्णा औद्योगिक वसाहत आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेली नांदगाव पेठ एमआयडीसी या दोन्ही ठिकाणी यंत्रांची ने-आण नित्याची आहे. लेथ, जिनिंगची यंत्रे, बॉयलर, रोहित्र किंवा पोकलेन हलवायचे असले की पहिला प्रश्न विचारला जातो तो भाड्याचा. मात्र यंत्र वाटेत कलंडले तर भरपाई किती मिळणार, हे भाड्यावर नव्हे तर बिल्टीवर काय लिहिले आहे यावर अवलंबून असते. छोट्या उद्योजकाची आयुष्यभराची पुंजी एकाच यंत्रात गुंतलेली असते. म्हणून व्यवहार करण्यापूर्वी पुढील बाबी माहीत असणे आवश्यक आहे.

वाहतूकदाराची जबाबदारी किती?

सन १८६५ चा जुना कायदा रद्द होऊन ‘कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७’ हा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला. या कायद्यानुसार मालवाहतुकीचा व्यवसाय करणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक आहे. माल पाठविणाऱ्याने मालाचे वर्णन व किंमत नमूद केलेले पत्र द्यायचे असते आणि वाहतूकदाराने त्याची पावती, म्हणजेच बिल्टी, द्यायची असते.

महत्त्वाची तरतूद पुढे आहे. मालाचे नुकसान झाल्यास वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. तीही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक असू शकत नाही. उदाहरणार्थ, १८ लाख रुपयांचे यंत्र २२ हजार रुपये भाड्याने पाठविले, तर भरपाईची मर्यादा २ लाख २० हजार रुपये होते. ही मर्यादा टाळायची असल्यास अधिक जोखमीचा वेगळा दर आधीच लेखी ठरवून द्यावा लागतो. भाड्यात दोन हजार वाचविण्यासाठी बिल्टीविना गाडी घेणाऱ्याच्या हाती मात्र दावा करण्यासाठी कागदच उरत नाही.

विमा कोणाचा?

ट्रकचा तृतीय पक्ष विमा ट्रकवरील मालाला संरक्षण देत नाही. यंत्रासाठी स्वतंत्र ट्रान्झिट विमा घ्यावा लागतो. त्यात सर्व जोखमींचा समावेश आहे की केवळ आग, अपघात अशा नमूद कारणांचा, हे वाचून घ्यावे. यंत्रांचे बरेचसे नुकसान क्रेनने उचलताना व उतरविताना होते. त्यामुळे चढ-उताराचा समावेश आहे का, हे खास विचारावे. वापरलेल्या यंत्राचे मूल्य कसे धरले जाईल, तेही आधी ठरवावे.

वजन व मापे

वजन अंदाजाने सांगू नये. उत्पादकाची पाटी पाहावी अथवा वजनकाट्याची पावती घ्यावी. जुलै २०१८ च्या अधिसूचनेनुसार तीन अॅक्सलच्या ट्रकचे मालासह एकूण वजन २८.५ टनांपर्यंत, तर ट्रॅक्टर-ट्रेलरचे कमाल ५५ टनांपर्यंत चालते. यात गाडीचे स्वतःचे वजनही धरलेले असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. वीस टनी पोकलेनची रुंदी पट्ट्यांसह २.८ मीटरच्या आसपास असते. म्हणजे असे यंत्र वजनात बसले तरी मापात बसत नाही आणि त्याच्या वाहतुकीसाठी परवानगी लागते. राष्ट्रीय महामार्गासाठी ही परवानगी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ऑनलाइन प्रणालीतून मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा वजनासाठी २० हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. माल गाडीबाहेर आल्यासही २० हजारांचा दंड सांगितला आहे. शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्चही भरावा लागतो.

ई-वे बिल व मार्ग

महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीत मालाचे मूल्य एक लाखाहून अधिक असल्यास, तर परराज्यात जाताना ५० हजारांहून अधिक असल्यास ई-वे बिल लागते. सामान्य मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. मापाबाहेरच्या मालाला मात्र दर २० किलोमीटरला एक दिवस मिळतो. त्यामुळे अमरावती ते अकोला या सुमारे शंभर किलोमीटरच्या प्रवासास पाच दिवसांची मुदत मिळू शकते. त्यासाठी बिल काढताना मालाचा प्रकार अचूक निवडावा.

निघण्यापूर्वी मार्गावरील वीजतारा, कमानी, उड्डाणपुलाखालील उंची आणि कारखान्याच्या फाटकाची रुंदी प्रत्यक्ष मोजावी. उंची मोजताना ट्रेलरच्या पाट्याची उंची धरायला विसरू नये. शहरात अवजड वाहनांना प्रवेशाची वेळ कोणती, हे वाहतूक पोलिसांकडून जाणून घ्यावे. तारा खाली असतील तर महावितरणला आधी कळवावे.

चढविताना घ्यायची काळजी

पोकलेन वा रोलरसाठी लो-बेड ट्रेलर योग्य ठरतो. लेथचा हेडस्टॉककडील भाग जड असल्याने मधोमध पट्टा टाकून उचलल्यास तो कलंडतो. यंत्राखाली लाकडी ठोकळे देऊन चारही बाजूंनी साखळ्या ताणून बांधाव्यात. हायड्रा क्रेनचे भाडे, हमाली, गाडी थांबल्यास द्यावयाचा आकार आणि उतरविण्याची जबाबदारी कोणाची, हे करारातच लिहून घ्यावे. चढविण्यापूर्वी व उतरविल्यानंतर छायाचित्रे काढावीत.

नुकसान झाल्यास

गाडी रिकामी होताच यंत्र तपासावे आणि दोष आढळल्यास पोहोच-पावतीवर तो शेरा लिहूनच सही करावी. ‘माल बरोबर मिळाला’ असा शेरा दिल्यावर दावा कमकुवत होतो. विमा कंपनीला तत्काळ कळवावे. न्यायालयात दाद मागायची असल्यास वाहतूकदाराला माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे. ही मुदत नुकसान लक्षात आल्यापासून नव्हे, तर बिल्टीच्या दिवसापासून मोजली जाते.