चिंतामणरावांची तिसरी जागा : १९६९ची राष्ट्रपती निवडणूक आणि अमेरिकेचे निर्वाचक मंडळ

१/१६
गणपतीपुळ्याचा मतदार ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत मत देतो. राष्ट्रपतीसाठी मात्र त्याला मतदान केंद्रावर कधीच बोलावले जात नाही. ते मत त्याचे आमदार आणि खासदार देतात. अमेरिकेचा मतदार दर चार वर्षांनी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षासाठी रांगेत उभा राहतो. पण कायद्याच्या भाषेत तोही राष्ट्राध्यक्ष निवडत नाही, तर निवडणाऱ्यांना निवडतो. दोन्ही देशांत मतदार आणि सर्वोच्च पद यांच्यामध्ये एक निर्वाचक मंडळ उभे आहे. या दोन मंडळांतला खरा फरक १९६८-६९ या दोन वर्षांत उघड झाला आणि त्यात कोकणातल्या एका माणसाच्या पराभवाचा मोठा वाटा होता.

२/१६
प्रथम अमेरिका. तेथे एकूण ५३८ निर्वाचक असतात. प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृहात जितके सदस्य, त्यात सिनेटचे दोन मिळवून होतील तितके निर्वाचक मिळतात. राजधानी वॉशिंग्टनला तीन. सिनेटचे दोन सर्वांना समान असल्यामुळे लहान राज्यांना लोकसंख्येच्या मानाने जास्त वजन येते. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार त्या राज्याचे सगळे निर्वाचक घेऊन जातो. एका मताने जिंका किंवा दहा लाखांनी, फळ तेच.

३/१६
जिंकण्यासाठी २७० निर्वाचक लागतात. कोणालाच बहुमत मिळाले नाही, तर निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तेथे प्रत्येक राज्याला, मग ते केवढेही असो, एकच मत असते. १८२४ साली असेच घडले. अँड्र्यू जॅक्सन यांच्याकडे ९९ निर्वाचक होते आणि जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्याकडे ८४. बहुमताला १३१ हवे होते. प्रतिनिधिगृहाने ॲडम्स यांना निवडले. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार घरी गेला.

४/१६
हीच शक्यता १९६८ साली पुन्हा समोर आली. रिचर्ड निक्सन आणि ह्युबर्ट हम्फ्री यांच्याशिवाय तिसरे उमेदवार होते अलाबामाचे जॉर्ज वॉलेस, वंशभेदाचे उघड समर्थक. जिंकण्याची आशा त्यांना नव्हती. दोघांनाही २७०पर्यंत पोहोचू द्यायचे नाही आणि मग आपल्या निर्वाचकांच्या बळावर सौदा करायचा, असा त्यांचा डाव होता. दक्षिणेतली पाच राज्ये त्यांनी जिंकलीही. अखेर निक्सन ३०१, हम्फ्री १९१ आणि वॉलेस ४६ असा निकाल लागला. देशभरात निक्सन यांना ४३.४ टक्के मते होती, हम्फ्री यांना ४२.७.

५/१६
डाव फसला, पण धास्ती राहिली. १८ सप्टेंबर १९६९ रोजी प्रतिनिधिगृहाने निर्वाचक मंडळ रद्द करून थेट निवडणूक आणणारी घटनादुरुस्ती ३३९ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये दक्षिणेकडील आणि लहान राज्यांच्या सदस्यांनी लांबलचक भाषणांच्या आड ती अडवून धरली आणि ती तेथेच संपली. अमेरिका हा वाद घालत होती, त्याच्या महिनाभर आधी भारतातही एक तिरंगी लढत होऊन गेली होती.

६/१६
भारताचे मंडळ वेगळ्या विचारातून घडले. संविधान सभेत प्रा. के. टी. शाह यांनी राष्ट्रपतीची निवड थेट जनतेने करावी, असा आग्रह धरला. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध केला. भारताचा राष्ट्रपती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षासारखा कारभारी नाही. प्रत्यक्ष सत्ता मंत्रिमंडळाकडे आहे. नाममात्र प्रमुखासाठी कोट्यवधींचे मतदान घेण्यात अर्थ नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

७/१६
म्हणून संसदेचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून हे मंडळ बनते. आमदाराचे मतमूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते : लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागायचे आणि उत्तराला पुन्हा हजाराने. महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य आज १७५ आहे, गोव्याच्या २०, उत्तर प्रदेशच्या २०८, सिक्कीमच्या ७. सर्व आमदारांचे एकूण मूल्य खासदारांमध्ये समान वाटले जाते, म्हणजे केंद्र आणि राज्ये यांचे पारडे जवळजवळ सारखे राहते. २०२२ साली एका खासदाराचे मूल्य ७०० होते.

८/१६
दुसरा फरक मतपत्रिकेत आहे. अमेरिकेतला मतदार एकच नाव निवडतो. आपला आमदार-खासदार नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे कोटा, कोणालाच मिळाला नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे पूर्ण मूल्यानिशी जातात. मतदान गुप्त असते आणि पक्षाचा व्हिप येथे चालत नाही. १९६९पर्यंत ही पसंतीची तरतूद कागदावरच राहिली होती. प्रत्येक राष्ट्रपती पहिल्याच मोजणीत निवडून आला होता.

९/१६
३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत काँग्रेसमधील ज्येष्ठांच्या गटाने, म्हणजे सिंडिकेटने, नीलम संजीव रेड्डी यांची उमेदवारी पुढे रेटली. यशवंतराव चव्हाणांनीही पक्षाच्या संसदीय मंडळात रेड्डींच्या बाजूने मत दिले. इंदिरा गांधी एकट्या पडल्या. १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. त्यावर सही करून गिरींनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि ते अपक्ष म्हणून रिंगणात उतरले.

१०/१६
तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्म. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९१८ साली आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक, १९४३पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५२ साली कुलाब्यातून ते लोकसभेवर निवडून गेले आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जात असल्याच्या निषेधार्थ त्यांनी मंत्रिपद सोडले. मराठी मनात त्यांचे स्थान या राजीनाम्याने पक्के झाले.

११/१६
१९६९मध्ये त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी उभे केले. ते जिंकणार नाहीत हे उघड होते. पण त्यांची दुसऱ्या पसंतीची मते निर्णायक ठरू शकतात, हेही उघड होते. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी या दोन पक्षांशी बोलून ती मते रेड्डींसाठी मागितली. इंदिरा गांधींच्या गटाला हेच हत्यार मिळाले : काँग्रेसचा अध्यक्ष उजव्या पक्षांच्या दारी गेला. रेड्डींच्या अर्जावर स्वतः सूचक असलेल्या पंतप्रधानांनी खासदार-आमदारांना अंतरात्म्याचा आवाज ऐकून मत देण्याचे आवाहन केले.

१२/१६
१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला मोजणी. वैध मतमूल्य ८,३६,३३७, कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. उरलेले ८,५०५ किरकोळ उमेदवारांकडे. गिरी आघाडीवर होते, पण कोट्याला १६,६५४ कमी पडत होते. स्वतंत्र भारतात प्रथमच दुसऱ्या पसंतीची मोजणी सुरू झाली.

१३/१६
तळाचे उमेदवार एकेक करून बाद झाले, अखेर देशमुखही. त्या सर्वांच्या मिळून १,२१,२७४ मतमूल्यापैकी ९१,८७९ रेड्डींकडे गेले, १८,५६२ गिरींकडे. १०,८३३ मूल्याच्या मतपत्रिकांवर उपयोगी पडेल अशी पुढची पसंतीच नव्हती. अंतिम आकडे : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. पहिल्या फेरीतले सुमारे ८८ हजारांचे अंतर १४,६५० वर आले. कोट्याच्या वर गिरी फक्त १,९०८ने होते.

१४/१६
येथे दोन्ही मंडळांची तुलना अर्थपूर्ण होते. वॉलेस यांच्या मतदाराला कोणी विचारले नाही, की तुझा उमेदवार हरला तर या दोघांपैकी कोण? पेच पडलाच असता, तर त्याचे उत्तर वॉलेस यांनी बंद दाराआड दिले असते किंवा प्रतिनिधिगृहाने. देशमुखांच्या मतदाराने हे उत्तर मतदानाच्या दिवशीच, स्वतःच्या हाताने, मतपत्रिकेवर लिहून ठेवले होते. निजलिंगप्पांनी आधी बोलणी केली हे खरे. तरी मत कोणाकडे जाणार हे प्रत्येक सदस्याने गुप्तपणे ठरवले. म्हणून एवढ्या चुरशीच्या लढतीतही पेच पडला नाही, निवड दुसऱ्या सभागृहाकडे गेली नाही आणि जास्त पाठिंब्याचा उमेदवार जिंकला. अमेरिकेत २००० आणि २०१६ साली देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला.

१५/१६
निकालाचे पडसाद मोठे होते. नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. गिरींच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि पदावरील राष्ट्रपतीने तेथे साक्ष दिली. याचिका फेटाळली गेली. दुसऱ्या पसंतीची गरज त्यानंतर आजवर पडलेली नाही. व्हिप नसल्याचा परिणाम मात्र पुन्हा दिसला : २००७ साली जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या प्रतिभाताई पाटील उमेदवार असताना शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून त्यांना मते दिली. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मतमूल्य मिळाले, भैरोसिंह शेखावतांना ३,३१,३०६.

१६/१६
भारतीय मंडळाची खरी परीक्षा पुढे आहे. आजची सर्व मतमूल्ये १९७१च्या जनगणनेवर गोठलेली आहेत. सध्याच्या तरतुदीनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आल्यावर ती बदलतील. आमदारांची संख्या तीच ठेवून २०११ची लोकसंख्या धरली, तरी उत्तर प्रदेशचा आमदार २०८वरून ४९६वर जातो, महाराष्ट्राचा १७५वरून ३९०वर, तमिळनाडूचा मात्र १७६वरून ३०८वर. ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली, त्यांचा वाटा घटतो. राज्याच्या आत मात्र सूत्र सर्वांना समान लेखते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात कमी झाली, ठाण्याची वाढली. तरी राष्ट्रपतीच्या निवडणुकीत दोन्हीकडच्या आमदाराचे मूल्य एकच. गणपतीपुळ्याचा माणूस पोटासाठी मुंबई-ठाण्याला गेला, तरी त्याच्या गावाचा आवाज त्यामुळे हलका होत नाही. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू यांच्यात असा समतोल कसा राखायचा, हा प्रश्न मात्र आजच्या सूत्राने सुटलेला नाही.