अर्थनिरूपणाचे शिक्षण

अभंग, ओवी किंवा अन्य धर्मवचनाचा अर्थ विद्यार्थ्याला स्वतः लावता यावा म्हणून दिले जाणारे शिक्षण. रेणा नदीकाठच्या रेणापूरसारख्या (जि. लातूर) गावांत ते मुख्यतः शाळेबाहेर मिळते. संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास संविधानाच्या अनुच्छेद २८(१) ने मनाई केली आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘धर्माचे शिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचे शिक्षण’ असा भेद केला खरा. पण शाळेत संतवाणी येते ती मराठीच्या तासाला, आणि दहावीच्या मुलाला तिचे रसग्रहण करावे लागते ते आशय, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या ठरलेल्या मुद्द्यांवर. अभंग आपल्याकडून काय मागतो, हा प्रश्न तेथे सहसा निघत नाही.

तो निघतो वारकरी शिक्षणात. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. माधुकरी मागून राहायचे, आधी पाठांतर करायचे आणि मग अर्थाकडे वळायचे. पाठांतर म्हणजे घोकंपट्टी, ही टीका अर्धीच खरी आहे. गाथा मुखोद्गत नसेल तर एका चरणाला दुसऱ्या अभंगाचे प्रमाण ऐनवेळी सुचणार कुठून?

अर्थ लावण्याची हत्यारे वेदान्ताची आहेत. ‘पंचदशी’ आणि निश्चलदासांचा ‘विचारसागर’ यांतून वाच्यार्थ व लक्ष्यार्थ शिकवले जातात. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे परंपरेतले ठरीव उदाहरण: प्रवाहावर वाडा वसत नाही, म्हणून तीर असा अर्थ घ्यायचा. गाव रेणेवर वसले आहे, असे म्हणणाऱ्या पोराला हे शिकवायला फार वेळ लागू नये. शब्दाचा थोडा अर्थ सोडायचा आणि थोडा ठेवायचा, ती भागत्यागलक्षणा मात्र अवघड. उपनिषदांतील महावाक्यांचा उलगडा तिच्यावरच चालतो. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही सहा लिंगे, म्हणजे खुणा, तपासतात. येथे ‘अभ्यास’ म्हणजे पुनरुक्ती.

कीर्तनाला उभे राहताना याची कसोटी लागते. बोलणारा कोण, साधक की सिद्ध? तुकोबा विठ्ठलावर रागावतात तेव्हा तो राग अक्षरशः घ्यायचा की प्रेमकलह म्हणून? चरणांची संगती लावायची, पूर्वपक्ष मांडायचा, तो खोडायचा आणि दृष्टांत द्यायचा. हल्ली दृष्टांतच कीर्तन गिळतो. श्रोते हसतात आणि चरण सुटायचा राहतो. सप्ताहात मागे टाळ धरून उभी असलेली मुले नेमके हेच उचलतात.

लातूर-नांदेड भागातील लिंगायत समाजात मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’चे पारायण आणि शिवकीर्तन अर्थ उलगडण्याचे हेच काम करतात. मुस्लिम मुलांच्या मकतबात आधी नाजरा, म्हणजे कुराण पाहून शुद्ध वाचणे. तर्जुमा (भाषांतर) आणि तफसीर (भाष्य) पुढच्या टप्प्यावर.